खारे वारे, मतलई वारे

बाईंनी कोपऱ्यातल्या एका चिन्हावर बोट टेकवलं आणि नकाशा गायब झाला.

डिजिटल फळा पांढराफटक पडला. भूगोलाच्या बाईंनी चटकन मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापकांशेजारी तपासणीला आलेले साहेब बसले होते. आल्या आल्याच त्यांनी बजावलं होतं, "ज्यांना हा फळा चालवता येणार नाही, त्यांच्याकडे वर्ग राहणार नाही." म्हणजे ग्रंथालयात बसून कपाटांवरची धूळ झटकायची. आणि बाईंचा तर या सातवीवर जीव जडलेला. प्रशिक्षणाचं म्हणाल, तर तेही झालं होतं. एक गृहस्थ आले, त्यांनी फळा चालू केला, चहा घेतला, फळा बंद केला आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन गेले.

नकाशा गेला तर गेला, तोंड तर शाबूत आहे! बाईंनी फळ्याकडे पाठ केली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे. रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे."

पहिल्या बाकावरची मुलगी फिसकन हसली. मग वर्गभर खसखस पिकली. बाईंनी चष्मा सारखा केला, केसांवरून हात फिरवला. हसू काही थांबेना.

"दात काढायला काय झालं? मी विनोद सांगतेय का?"

आता मुलं बाकांवर लोळायचीच बाकी राहिली. मुख्याध्यापक मागून हातवारे करू लागले, तेव्हा कुठे बाई वळल्या. फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं:

दिवसा समुद्राकडून येतात ते खरे सारे रात्री जमिनीकडून जातात ते मतलबी सारे दात काढायला काय झालं मी विनोद सांगतेय का

फळा ऐकत होता. ऐकेल ते लिहीत होता. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

'मतलबी सारे' साहेबांना फारच झोंबलं असावं. ते तरातरा पुढे आले. "सरका बाई! एवढं साधं येत नाही?"

फळ्याने तेही लिहून घेतलं. साहेबांनी एक चिन्ह दाबलं. अक्षरं मोठी झाली. दुसरं दाबलं. आणखी मोठी झाली. साहेबांच्या कपाळावर घाम आला. एव्हाना मुख्याध्यापकही धावत पुढे आले होते. साहेब वळून त्यांच्या कानाशी लागले आणि कुजबुजले.

सगळ्या माना फळ्याकडे वळल्या. साहेबांचे उच्चार फार शुद्ध होते. फळ्याने या खेपेला एकही चूक केली नाही.

अहो हे बंद कसं करतात मला तरी कुठे कुणी शिकवलंय मी नुसता फिती कापत फिरतो

सगळी सातवी एका सुरात, मोठ्याने वाचायला लागली.

"बाई, पुसा ते आधी!" साहेब ओरडले.

"पुसायचं कुणी शिकवलेलंच नाही, साहेब," बाई म्हणाल्या आणि वर्गाकडे वळल्या. "चला, वह्या काढा. उतरवून घ्या."