पालथा बूट

"पोरगी डावा पाय जरा ओढल्यासारखा टाकते गं," सासूबाई गावी निघताना म्हणाल्या होत्या. "एकदा दाखवून घे."

मी हसण्यावारी नेलं. "आई, चालायला लागून जेमतेम दोन महिने झालेत तिला. सगळीच मुलं आधी अशी डुलत चालतात." पुस्तकातही तसंच लिहिलं होतं. दोन पुस्तकांत.

मग महिन्याभराने बूट पुसलेले दिसायला लागले.

आमच्या तिघांचे जोडे दाराबाहेर असतात. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर तिन्ही जोड चकचकीत, टोकं जिन्याकडे करून ओळीत मांडलेले. नवऱ्याला विचारलं.

"भूत असेल," तो म्हणाला. "एवढं कामसू असेल तर भांड्यांचंही विचारून बघ."

एका सकाळी लेकीचा डावा बूट पालथा होता. फक्त तेवढाच. मी सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथा. तिसऱ्या दिवशीही. बाकीचे पाच जागच्या जागी आणि तो एवढासा, तळ वर करून. कुणीतरी माझ्या मुलीचा बूट रोज हातात घेत होतं. त्या दिवशी मी तिला कडेवरून खाली ठेवलंच नाही.

चौथ्या दिवशी साडेपाचलाच उठून दाराच्या भिंगाला डोळा लावला. जिन्यात दिवा होता. माणूस नव्हतं. आवाज मात्र होता, अगदी दाराला लागून: ब्रश घासल्याचा, आणि त्याच लयीत काहीतरी पुटपुटल्याचा. मग भिंगाच्या खालच्या कडेवरून लेकीचा बूट आपला आपण वर आला. त्यामागून हात. मनगटात पोलादी कडं. हाताने बूट दिव्याकडे धरला आणि हळूहळू फिरवला.

मी दार उघडलं.

वरच्या मजल्यावरचे सरदारजी जमिनीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर पंचा, निळी पगडी, पांढरी दाढी. अख्खी इमारत त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायची. हाडांच्या ऑपरेशनांत त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"काय करताय तुम्ही?" माझा आवाज चिरकला. "माझ्या मुलीच्या बुटाला हात का लावता?"

त्यांनी वर बघितलं नाही. "गुरुद्वाऱ्यात जोडे सांभाळायची खोली असते ना, बेटा, तिथे माझी सेवा होती. रोज सकाळी, ऑपरेशनला जायच्या आधी. आता मुलगा गाडी चालवू देत नाही. म्हटलं, जोडे काय, इथेही आहेत."

"पण असा पालथा का?"

"त्या खोलीत मान खाली ठेवायची. जोडा साहेबाचा की हमालाचा, बघायचं नाही. आणि मी केलं म्हणून सांगायचं तर नाहीच. मग तुमची बेल कशी वाजवू? वाटलं, आई आहे, बघेल."

त्यांनी अंगठा बुटाच्या तळावर, टोकाशी ठेवला. तिथली नक्षी पार पुसली गेली होती. टाच मात्र कोरी, कालच दुकानातून आणल्यासारखी.

"उजवा सगळीकडून सारखा झिजलाय," ते म्हणाले. "डाव्याची टाच जमिनीला लागतच नाही."

आत लेक उठली होती. माझ्यामागून चालत येत होती. मी वळले नाही. आम्ही दोघंही नुसते ऐकत राहिलो. टप, खस्. टप, खस्.

"आज न्या," डॉक्टरसाहेब म्हणाले.

नेलं. खुब्याचं हाड जन्मापासूनच खोबणीतून निसटलेलं होतं. वेळेत आलात, हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. आता ती कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये आहे. डॉक्टरसाहेब रोज संध्याकाळी येतात, तिच्या पायाची बोटं हलवून बघतात, ती खिदळते.

काल जाताना ते दारात थांबले.

"असा बूट मी आधी एकदा पुसलाय," ते म्हणाले. "त्या खोलीत. एवढासाच, लाल, पट्ट्याचा. आठ वर्षं झाली. दिसलं होतं मला. पण नियम म्हणजे नियम. मान खाली घालूनच खिडकीतून परत दिला. एक छोटा हात आला आणि घेऊन गेला."

एवढंच बोलून ते जिना चढून गेले.

ते मूल आता नऊ-दहा वर्षांचं असेल. मुलगी की मुलगा, त्यांना माहीत नाही. तुमच्या शेजारात, शाळेत त्या वयाचं, लंगडत चालणारं कुणी असेल, तर आजच जाऊन बघाल का? आणि त्याच्या आईला विचारा, लहानपणी त्याचे बूट लाल होते का.