नक्षी असल्यास

“बुडवलीस,” उस्ताद म्हणाला.

“झिलईत बुडवावंच लागतं,” ताई म्हणाली. “नुसतं दाखवून ती चढत नाही.”

उस्तादने हसायचं नाकारलं. त्याच्या पुढ्यात परत आलेली सुरई होती आणि हातात प्रदर्शनाच्या समितीचं पत्र. पत्रात दोनच वाक्यं. ‘आकार डौलदार आहे. नक्षी असल्यास दिसत नाही.’

“असल्यास म्हणे,” तो म्हणाला. “सतरा दिवस मान मोडून वेल कोरली मी. आणि हे म्हणतात, असल्यास.”

पहिलं वाक्य त्याने वाचलंच नव्हतं.

गल्लीत सगळे त्याला उस्ताद म्हणत. थोरली बहीण मात्र बंड्याच म्हणे, आणि त्याच्या अडुसष्टाव्या वर्षीही त्यात बदल करण्याचं काही कारण तिला दिसलं नव्हतं. तो कोरायचा, ती झिलई द्यायची. ही वाटणी चाळीस वर्षांची. कोरलेल्या भांड्याला झिलई देणं म्हणजे भिंतीला चुना फासणं नव्हे. पातळ झाली तर उंचवटे कोरडे, खरखरीत राहतात. घट्ट झाली तर खाचा भरून सगळं सपाट. खाचेत हवा अडकली तर भट्टीत फोड येतो आणि टाचणीएवढं भोक राहतं. ताईचा हात असा बसलेला, की तिची झिलई खाचेत गडद उतरायची आणि उंचवट्यावर फिकी.

निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत. आता ती बादलीत साय कालवल्यासारखी झिलई कालवायची आणि नक्षीला रजई पांघरायची.

“तुझा हात जड झालाय, ताई.”

“झाला असेल. वय झालं.”

एवढ्या कबुलीने उस्तादचं समाधान होणार नव्हतं. तिच्याविरुद्धची फिर्याद आता चांगलीच लांबली होती. चहा ती हल्ली अर्धाच कप द्यायची, उरलेला मागितल्यावर. बश्या तर घरातून बेपत्ताच झाल्या होत्या. त्याचं कोरायचं टेबल डुगडुगायचं. त्याने चारही पायांखाली पुठ्ठे घातले, तरी डुगडुगायचंच. ताई म्हणाली, “सुताराला बोलावते,” आणि तेव्हापासून सुतार यायचाच होता. समितीचा अर्जसुद्धा तिनेच भरला, सहीसकट. म्हणे, “तुझं अक्षर त्यांना लागायचं नाही.”

प्रदर्शनाला अजून दोन आठवडे होते आणि दुसरी सुरई पाठवायची मुभा होती. ती कोरून, एकदा भाजून तयारच होती.

“हिला झिलई मी देणार,” उस्तादने जाहीर केलं. “आणि हीपण परत आली, तर कोरणी कायमची खाली.”

बादलीतला ताईचा हात थांबला. “एवढ्यासाठी?”

“चाळीस वर्षांना तू ‘एवढ्यासाठी’ म्हणतेस?”

“मग साधी पाठव ना. बिननक्षीची. आकार डौलदार आहे म्हणालेत.”

यानंतर तीन दिवस उस्ताद तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला. कामापुरतं म्हणजे भांडण.

चौथ्या दिवशी त्याने झिलई दोनदा गाळली आणि पाणी घालून दुधासारखी पातळ केली. सुरई धुतली, वाळवली, झिलईत बुडवली, तीन मोजून बाहेर काढली. थोडी झिलई शर्टावर सांडली, थोडी फरशीवर. बादलीच मेली अरुंद. मग ओल्या स्पंजने त्याने उंचवटे हलकेच पुसून घेतले.

“बंड्या, अजून एक थर दे,” ताई म्हणाली. “फार पातळ आहे.”

“पातळच हवी. दिसू दे लोकांना माझी रेघ.”

“तुला दिसते का रे, कोरताना?”

“मातीवर मातीचीच रेघ. ती डोळ्यांनी बघायची नसते. बोटांनी वाचायची असते.”

ताई बादली ढवळू लागली. उस्तादला वाटलं, पटलं.

मागच्या अंगणातली भट्टी गल्लीतल्या सगळ्या कुंभारांची सामायिक होती. दोन दिवसांनी भट्टीवाल्याने दार उघडलं, चार जणांच्या भांड्यांमधून सुरई काढली आणि उस्तादसमोर ठेवली. झिलई झकास उतरली होती. फोड नाही, ओघळ नाही. खाचेत गर्द निळी, उंचवट्यावर आभाळासारखी. रेघ न् रेघ मोजून घ्यावी.

उस्तादचा पारा चढला.

“ही कुणाची?”

“तुमचीच की,” भट्टीवाला म्हणाला.

“माझी? ही वेल बघ. खडबडीत रस्त्यावर, चालत्या बैलगाडीत बसून कोरलीय. पानांच्या कडा बघ, करवत बरी. कुणा नवशिक्याने आपली इथे ठेवून माझी उचललीय. आणि तू राखण कसली करत होतास?”

भट्टीवाल्याने ताईकडे पाहिलं. ताई पायाशी आणून ठेवलेल्या आपल्या बादलीकडे बघत होती.

“तळाला खूण असेल,” भट्टीवाला हळूच म्हणाला.

“असल्यास दाखव.”

उस्ताद भांड्यावर नाव घालत नसे. ओल्या मातीत तळाशी अंगठा दाबायचा. तरुणपणी कोरणी लागून त्या अंगठ्यावर तिरपा व्रण उठला होता. तशी खूण गावात दुसरी नव्हती.

भट्टीवाल्याने सुरई उलटी केली. तळाशी अंगठ्याचा ठसा होता. त्यात तिरपी रेघ होती.

“नक्कल,” उस्ताद म्हणाला. “थांब, आत्ता दाखवतो.” आणि त्याने आपला अंगठा त्या ठशावर टेकवला.

भाजताना माती आक्रसते, तेवढाच काय तो ठसा लहान. व्रणावर व्रण बरोबर बसला. फक्त अंगठा तिथे थांबेना.

ताईने घट्ट झिलईची बादली पुढे ओढली.

“जरा तापवून द्या,” ती भट्टीवाल्याला म्हणाली, “म्हणजे वरून दुसरा थर धरेल. सोड ती सुरई, बंड्या. हात माझाच जड आहे.”