चार बोटं कमी

टाकी भरून वाहत होती आणि काकू पायरीवर बसून नुसत्या बघत होत्या. पंपवाल्याने आल्या आल्या बटण बंद केलं.

"अहो काकू, पाणी पार रस्त्यावर गेलंय! गल्लीतले सगळे पंप आजपासून बंद. नोटीस वाचली नाहीत?"

"वाचली की. वाचून घडी घालून ठेवली."

एरवी तो हसला असता. पण काकूंच्या भिंतीतल्या भेगेत आता अख्खा पंजा जात होता. वीस वर्षं गल्लीने जमिनीतलं पाणी उपसलं आणि जमीन खाली बसत गेली. बोअरचा लोखंडी पाइप तेवढा खोल खडकावर टेकलेला, तो जागचा हलला नाही. अंगणात कमरेएवढा दिसायचा, तो काकूंच्या डोक्यावर गेला. दरवर्षी नळ्या जोडताना पंपवाला म्हणायचा, "पाइप वाढतोय तुमचा. खायला काय घालता?" काकूंचा चेहरा खुलायचा. एवढ्याशा विनोदावर इतकं काय खूश व्हायचं, हे त्याला कधी कळलं नाही.

आज पाइप जमिनीलगत कापून तोंड बंद करायचं होतं. त्याने करवत काढली.

"थांब जरा." काकू उठल्या, पाइपला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. "बघ रे, किती कमी आहे?"

पाइपवर कानशीने घासलेली एक आडवी खूण होती. त्याने बोटं लावून पाहिली. "तुमच्या डोक्यापेक्षा चार बोटं कमी. पण खूण कसली?"

"लेकाची उंची. दोन वर्षांचा झाला तेव्हा ह्यांनी केली होती. तिसरं वर्ष त्याने बघितलंच नाही." काकूंनी खुणेवरून अंगठा फिरवला. "आधी माझ्या मांडीला लागायची. मग कमरेला. मग खांद्याला आली."

पंपवाल्याने वाहून गेलेल्या पाण्याकडे पाहिलं.

"काकू, घर पडेल हो."

"कळतं रे मला. पण पंप चालू केला की वाटायचं, वाढतोय."

करवत पायरीवर ठेवून त्याने कोपऱ्यातली खुरपी घेतली आणि पाइपच्या बुडाशी, दोन पावलं मावतील एवढी माती चार बोटं खोल उकरली.

काकू चपला काढून खड्ड्यात उभ्या राहिल्या.

"झाला तुमच्याएवढा," तो म्हणाला.

"अजून थोडं खण," काकू म्हणाल्या. "मला मान वर करून बघायचंय."