पितांबरचा पहिला चाहता

पितांबरने राजदूत मोटारसायकल विकून स्वतःच्या पॉप गाण्यांची कॅसेट काढली. जळगावातल्या अख्ख्या मेहरूणमध्ये ती फुकट वाटली, पण वर्षभरात कुणी चकार शब्द काढला नाही. विषय निघाला की पाहुणे अर्धा चहा टाकून उठत.

एकदा जळगाव स्टेशनवरून तो रिक्षात बसला, तर आत त्याचंच गाणं मोठ्या आवाजात वाजत होतं! त्याला भरून आलं. रिक्षावाला काही त्याला ओळखत नव्हता.

"रोज लावता का हो हे?" त्याने पुढे झुकून विचारलं.

"दिवाळीपाईन हाईच वाजी ऱ्हायनं, भाऊ."

"एवढं आवडलं?"

रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली आणि आशेने मागे वळून पाहिलं.



"कॅसेट आडकी गई शे, भाऊ. तुमले काढता येस का?"