आखाजी सरली

अक्षय्य तृतीयेची आखाजी सरली, तरी सणाला आलेली भागाबाई सासरी जायचं नाव काढत नव्हती. दंडावरचे वळ अजून निळे होते. शेवटी वडिलांनीच तिची पिशवी ओट्यावर आणून ठेवली. “पारोळानी एसटी येई ऱ्हायनी. आते तुन्हा घर जाय.”

आई नुसती आत-बाहेर करत होती. चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी तिचं लक्ष नव्हतं. आत धाकटी बहीण बी.ए.च्या परीक्षेचं घोकत बसली होती, “माहेर. मूळ शब्द मातृगृह, म्हणजे आईचं घर.”

आई थबकली. “कोनं घर?”

“आईचं.”

आईने ओट्यावरची पिशवी उचलून घरात नेली. “पोर मन्हा घरमा राही,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुमले पटत नही व्हई, तर एसटी येईच ऱ्हायनी.”