ओल्यात ओलं

“आणखी एक सापडलं,” फ्रेमवाला दारातूनच म्हणाला. चित्र त्याने दोन्ही तळहातांवर आडवं धरलं होतं, भरल्या ताटासारखं.

“माळ्यावरच?” चित्रकाराच्या बायकोने विचारलं.

“माळ्यावरच. फ्रेमच्या जुन्या पट्ट्यांच्या मागे.”

“तुमचा माळा आहे की खाण, भाऊजी?” ती हसली आणि बाजूला झाली.

घरभर खोकी पसरली होती. परवा ती मुलीकडे राहायला जाणार होती, कायमची. आगगाडीने दोन दिवसांची वाट. हे कानावर आल्यापासून फ्रेमवाल्याचं कामात लक्ष नव्हतं. काल त्याने एकच काच दोनदा चुकीची कापली.

चित्रकार जाऊन तीन वर्षं झाली होती. तो फ्रेमवाल्याचा जुना दोस्त. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून रंगवायचा आणि हा शेजारी फ्रेमा ठोकायचा. फ्रेमवाल्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, मापाची फ्रेम मिळाली नाही. दोस्त गेल्यावर माळ्यावरून एकेक करत सात चित्रं निघाली. दरवेळी तो चित्र घेऊन यायचा, चहा व्हायचा, दोघं तासभर ते बघत बसायची. तेवढाच तास त्याला माणसांत असल्यासारखं वाटायचं. एरवी संध्याकाळी दुकानाला कुलूप लावलं की सकाळी उघडेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघत नसे.

तिने चित्र टेबलावर भिंतीला टेकवलं. तळं, पलीकडे डोंगर, मधे धुकं.

“ओल्यात ओलं,” ती म्हणाली. हा चित्रकाराचा शब्द. खालचा रंग ओला असतानाच वरचा चढवायचा, सगळं चित्र एका बैठकीत संपवायचं. हात अडखळला की रंगांचा चिखल. “धुकं बघा ना. डोंगराचा पायथाच कोरड्या ब्रशने थोपटत वर नेलाय. वेगळा रंग घेतलेलाच नाही.”

“आणि बर्फ सुरीने,” फ्रेमवाला म्हणाला. “जेमतेम टेकवलीय. दाबली असती तर खालचा निळा वर आला असता.”

“पण हे पूर्वी घर कधी काढत नसत.” तळ्याकाठी एक बारकं घर होतं.

“शेवटी शेवटी काढायला लागला होता.”

“हं,” म्हणत तिने बर्फावर अंगठा टेकवला. उचलला तर पांढरा.

माळ्यावर कधीच काही नव्हतं. आठही चित्रं फ्रेमवाल्याची स्वतःची होती, पंचवीस वर्षं मित्राचा हात बघून बघून शिकून काढलेली. एरवी तैलरंग पुरता वाळेपर्यंत तो थांबायचा. या वेळी तेवढे दिवसच नव्हते.

तिने अंगठा फडक्याला पुसला. “दमट असेल तुमचा माळा,” म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

चोराच्या मनात चांदणं. आतल्या दाराकडे बघायला नको म्हणून तो खोक्यांकडे बघत बसला. दाराजवळ बारा-पंधरा चित्रं सुतळीने बांधून ठेवली होती. ती मित्राची, खरीखुरी. ती चहा घेऊन आल्यावर त्याने विचारलं, “ही कुठे चालली, वहिनी?”

“दिरांकडे. मुलीच्या घरी भिंती कमी. म्हणाली, अगदी जिवापाड जपलेली असतील तेवढीच आण.” तिने पलंगाकडे बोट केलं. “मी ती सात नेतेय. आता आठ झाली.”

पलंगावर जुन्या चादरीत त्याची सात चित्रं एकावर एक रचली होती.

खोटी उराशी धरून ही बाई नवऱ्याची खरी चित्रं देऊन टाकत होती. गप्प बसावं तर ती लुबाडणूक, बोलावं तर तीन वर्षांचे सगळे तास मातीत, आणि परवा निघताना ती त्याचं तोंडही बघणार नाही. तो रडकुंडीला आला होता. पण इलाज नव्हता.

“वहिनी, मला सांगायचंय काहीतरी. ऐकलंत की मला दाराबाहेर काढाल.”

“सांगा की. आधी एवढं काम करा.” तिने पेन्सिल पुढे केली. “सगळ्यांच्या मागे मी लिहून ठेवलंय, कधी आलं, कुणी काढलं. उद्या मुलीला कळायला नको? याच्याही मागे तसंच लिहा.”

तसंच म्हणजे कसं, ते बघायला त्याने वरचं चित्र उलटलं. मग घाईघाईने दुसरं, तिसरं. अगदी तळाच्या, पहिल्यावहिल्या चित्रामागेही, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेखाली तिने फ्रेमवाल्याचंच नाव लिहिलं होतं.