जोडनावेची पहिली फेरी

“खिळे कुणी मारले?”

शकूनं विचारलं खरं, पण संपत सुतारानं उत्तर द्यायची गरजच नव्हती. हातोडी अजून त्याच्याच हातात होती.

पेशवाईतली गोष्ट. मुठेवर पूल नव्हता. भादव्यात पलीकडे भांबुर्ड्याला जायचं, तर एकेरी होडी भर धारेत कलंडायची. म्हणून संपतनं कसब्यातल्या आपल्या अंगणात जोडनाव बांधली होती. दोन अरुंद होड्या, त्यांवरून दोन आडवे वासे आणि मधे शिडाची काठी. वासे होड्यांना सुंभानंच आवळायचे, ही शकूची शिकवण. ती हर्णैच्या नावा बांधणाऱ्या सुताराची लेक. संपत गाड्या बांधणारा, पण बायकोचं ऐकण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नव्हता. आज सकाळपर्यंत तरी.

सकाळी नाव काठावर आणून जोडली आणि बघे जमले. पुण्यातले बघे, म्हणजे निम्मे परीक्षकच! घाटावरचे कारकून श्रीधरपंत सुंभाच्या गाठी निरखून म्हणाले, “संपत, नाव बांधलीस की बाज विणलीस? पलीकडे पोचायचंय, का वाटेत निजायचंय?”

लोक खो खो हसले. संपतचे कान तापले. शकू लेकराला घेऊन घरून येईपर्यंत त्यानं प्रत्येक गाठीशेजारी वीतभर लांब लोखंडी खिळा ठोकून टाकला.

“आता तसूभर हलायचं नाही,” तो म्हणाला. “पन्नास गाड्या बांधल्यात मी. एक सांधा कधी खिळखिळा झाला नाही.”

“गाडीखाली जमीन असते. इथं एक होडी लाटेवर चढेल तेव्हा दुसरी खाली असेल. सांध्याला हलूच दिलं नाहीत, तर वासा फुटेल.”

“अगं, पण लोक हसतात!”

शकूला राग आला होता. तिच्या माहेरची रीत त्याला चांगली ठाऊक होती. नाव बांधणाऱ्यानं पहिल्या फेरीला घरची सगळी माणसं घेऊन बसायचं, तान्ह्या पोरासकट. नुसता नारळ फोडून भागत नाही. तिनं सहा महिन्यांचं लेकरू त्याच्या हातात दिलं.

“तुमचा भरवसा असेल त्या खिळ्यांवर, तर चला. बसू तिघंही.”

पोरानं बापाची मिशी धरली. संपतनं गढूळ पाण्याकडे पाहिलं, मग खिळ्यांकडे.

त्यानं पोर शकूकडे दिलं आणि पहार उचलली.

“अरे, आत्ताच मारलेस ना ते?” श्रीधरपंत म्हणाले.

“मारले, पंत. चुकलो.” सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. “जरा बाजूला व्हा. काढायचेत.”

चार खिळे निघाले. कुणीतरी पुन्हा हसलं, पण आता संपतनं मान वर केली नाही. सुंभ भिजवून, वाशाला पाय लावून त्यानं गाठी नव्यानं आवळल्या. शकूनं प्रत्येक गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली. मग नारळ फुटला, शीड चढलं आणि तिघं निघाली.

मध्यधारेत पाण्यानं डावी होडी उचलली. उजवी खाली गेली. वासे मोठ्यानं करकरले. सुकाणू धरलेल्या संपतचा चेहरा पांढराफटक पडला.

“शकू, वासे करकरताहेत गं!”

शकू पुढे बसून लेकराला पाजत होती. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“करकरू देत की. करकरतात तोवर तुटत नाहीत.”